वीतभर जागा

माशांच्या टाकीचं नाव काढलं की आजही माझं डोकं सटकतं. लोक म्हणतात, अहो, तुम्ही टाक्या बसवता, त्यावर घर चालतं तुमचं, आणि टाकीवरच खेकसता कसे? खेकसतो. माझ्या पहिल्या मोठ्या टाकीपायी माझ्या आईची चौदा वर्षांची नोकरी एका सकाळी गेली. टाकीपायी गेली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. आज जरा खरं सांगतो.

नारायणगावात एका डॉक्टरांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं आणि आई तिथं मावशी होती. झाडणं-पुसणं तर होतंच, पण कळा देणाऱ्या बाईच्या पाठीवरून हात फिरवणं, बाळ पुसून दुपट्यात गुंडाळून बाहेर बसलेल्या आजीच्या हातात देणं, हे सगळं तिच्याकडं. राजुरी-येडगावाकडच्या बाया जीपमधून उतरतानाच विचारायच्या, "मावशी हाय का आज?" डॉक्टर हाय का, असं कुणी विचारत नव्हतं. मी सातवीत असताना वडील गेले, तेव्हापासून आमचं घर त्या नोकरीवर उभं होतं. पण पगारापेक्षा आईला ती हाक प्यारी होती. बाजारात एखादी बाई कडेवरचं पोर दाखवून म्हणायची, "मावशी, हे तुमच्या हातचं," की आई दिवसभर त्याच तोऱ्यात असायची.

मी तेव्हा पंप-मोटारींच्या दुकानात कामाला होतो. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. सगळीकडं द्राक्षाला, टोमॅटोला ठिबक चाललेलं. वाळूचे फिल्टर उघडायचे, धुवायचे, पायपा जोडायच्या, जळालेल्या मोटारींत नवी तार भरायची, हे माझं काम. डिप्लोमा अर्ध्यात सुटलेला, त्याची टोचणी मनात कायम. कुणी शिकलेला माणूस नीट बोलला की मी विरघळायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं.

डॉक्टर परदेशात फिरून आले आणि तिथल्या कुठल्याशा हॉटेलातल्या काचेच्या टाकीनं त्यांना पछाडलं. आपल्याही वेटिंग हॉलमध्ये तशी टाकी पाहिजे. आठ फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, आणि आत हाताएवढे लाल-पांढरे कोई मासे. पुण्याचे टाकीवाले एवढ्या लांब यायला नाक मुरडायला लागले. तेव्हा आई फरशी पुसता पुसता म्हणाली, "डाक्टर, माझ्या लेकाला येतं की ते. पाण्याचं कायबी काम येतं त्याला."

मला काहीही येत नव्हतं, राव! संध्याकाळी तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलोच. "आये, मला न विचारता शब्द कशाला टाकती गं?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग शीक. शिकायला काय झालंय?"

शिकलो. बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन बसायचो, कळेल तेवढं वाचायचो, चित्रं वहीत उतरवून घ्यायचो. हळूहळू ध्यानात आलं की यात नवीन काही नाही. मासे घाण करतात, ती घाण सतत काढली पाहिजे, म्हणून मोठ्या टाकीच्या खाली कपाटात दुसरी लहान टाकी ठेवायची. तिला सम्प म्हणतात. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात, काठाच्या जरा खाली, एका पायपेचं तोंड ठेवायचं. त्याच्या वर चढलेलं पाणी त्यातून खाली सम्पमध्ये पडतं. सम्पमध्ये काचा लावून तीन कप्पे करायचे. पहिल्यात उशीत भरतात तसला फायबर, तो कचरा धरतो. दुसऱ्यात विटांचे तुकडे आणि असलंच काही खरबरीत, ज्यावर पाणी साफ करणारे जंतू वाढतात. तिसऱ्यात पंप, तो साफ पाणी पुन्हा वर फेकतो. बास. द्राक्षाच्या बागेत मी हेच करत होतो, फक्त तिथं मासे नव्हते.

दुसऱ्या कप्प्यासाठी परदेशात प्लॅस्टिकचे खास गोळे मिळतात म्हणे. इथं कुठले? मी भांडी घासायच्या नायलॉनच्या घासण्या घ्यायचं ठरवलं. आईनं बाजारातून दीडशे घासण्या आणल्या. दुकानदारानं विचारलं, मावशी, हॉटेल काढलं का? आई घरी येऊन हसून हसून बेजार. "माशांची भांडी कोन घासनार हाय, तू का मी?" ते दिवस चांगले होते, हे कबूल करतो. रात्रंदिवस तोच विषय. मी वहीत आकृती काढायचो आणि ती शेजारी बसून शेंगा फोडत त्या रेघांकडं कौतुकानं बघायची. आई वर डोंगरातल्या मढकडची. तिच्या लहानपणी तिथं शाळेत पोरींना कोण धाडत होतं? तिला अक्षर येत नव्हतं, पण माझ्या वहीला ती कुणाला हात लावू द्यायची नाही.

आता या सगळ्यातली जी मेख आहे ती नीट ऐका. लाईट गेली की पंप थांबतो. पण वरच्या टाकीतलं पाणी लगेच थांबत नाही. ते पायपेच्या तोंडाच्या पातळीला येईस्तोवर खाली येतच राहतं. मी मोजलं, त्या टाकीत ते पाच बादल्यांच्या आसपास भरत होतं. हे पाणी मावायला खालच्या सम्पमध्ये कायम रिकामी जागा पाहिजे. आणि लोडशेडिंगचे दिवस! आठवड्याला वेळापत्रक बदलायचं, कधी सकाळचे चार तास, कधी दुपारचे सहा. म्हणजे रोज एकदा तरी पाच बादल्या पाणी खाली येणारच.

म्हणून मी सम्प चार फुटी मोठा काढला होता. आणि त्याच्या काठाजवळून एक जादा पायप काढली होती. समजा कुणी चुकून सम्प जास्त भरला, तर उतू जाणारं पाणी जमिनीवर न येता भिंतीतून पलीकडच्या मोरीत जावं. साधी गोष्ट. एक भोक, चार फूट पायप.

डॉक्टरांनी आकृती बघितली. खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "मिस्त्री, हे भोक नाही पाडायचं. टाइल्स आत्ताच बसवल्यात." मी सांगितलं, साहेब, ते लागतं. ते म्हणाले, "पाणी जास्त भरायचंच नाही ना मग." मग त्यांच्या मॅडम आल्या. त्यांना त्याच कपाटात केसपेपर ठेवायला कप्पे पाहिजे होते. चार फुटी सम्पचा झाला तीन फुटी, आणि अरुंदही झाला. अरे, वरची टाकी तेवढीच, मासे तेवढेच, पाणी तेवढंच, आणि खालची जागा अर्धी! आठ फुटी काच मिरवायला पाहिजे, पण तिची घाण जिथं निघते तिथं केसपेपर. मला तिथंच वही मिटून उठायला पाहिजे होतं. पण डॉक्टर म्हणाले, "तुझं डोकं चांगलं चालतं रे, इंजिनिअर व्हायचास तू." झालं. मी विरघळलो. हो म्हणालो.

पुन्हा हिशेब केला. लहान सम्पला एकच उपाय होता. त्यात पाणी कधीही वरपासून वीतभर खालीच ठेवायचं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पुरी वीत रिकामी. तेवढ्या जागेत वरचं पाणी जेमतेम मावत होतं. हे लक्षात राहावं म्हणून मी काय केलं? टायपिंगवाल्याकडं गेलो आणि त्याच्याकडून सगळ्या सूचना इंग्रजीत टाइप करून घेतल्या. पाण्याची पातळी, फायबर कधी बदलायचा, लाईट गेल्यावर काय होतं. लॅमिनेट करून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. इंग्रजीत का? डॉक्टरांना दाखवायला. दुसरं काय कारण असणार?

टाकी चालू झाली त्या दिवशी हॉलमध्ये गर्दी. डॉक्टर, मॅडम, कंपाउंडर, पेशंटचे नातेवाईक. मी ऐटीत सगळ्यांसमोर पंपाचं बटण बंद केलं. खालचं पाणी चढायला लागलं. चढतंय, चढतंय, मॅडमनी साडी आवरून धरली. काठाच्या बोटभर खाली येऊन पाणी थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या! डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आई तेव्हा आत होती, एक बाई अडली होती. ती अर्ध्या तासानं हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "झालं का? मला दाव की कसं केलं ते." मी म्हणालो, "आता काय दावायचं आये, झालं की सगळं. चल, पेढे घे."

सांगायला दोन मिनिटं लागली असती.

रोज थोडं पाणी उडून जायचं, ते वरचेवर भरायला लागायचं. हे काम मी कंपाउंडरला नीट समजावलं होतं आणि त्यानं सात-आठ महिने ते चोख केलं. रोज लाईट जायची, रोज पाणी चढायचं, रोज थांबायचं. डॉक्टर आल्यागेल्याला टाकी दाखवायचे. आणि आई रोज सकाळी कपाटाचं दार उघडून माझा तो लॅमिनेट केलेला कागद ओल्या फडक्यानं पुसायची. पेशंटच्या बायांना बोलावून दाखवायची, "माझ्या लेकानं लिवलंय. विंग्रजीत हाय." हे मला कंपाउंडरनं हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

पुढच्या वैशाखात कंपाउंडर घरच्या लग्नाला आठ दिवस गावी गेला. जाताना आईला म्हणाला, "मावशी, खालचं पानी कमी झालं की टाकत जावा." एवढंच म्हणाला. त्याला तरी काय बोलू? तिचाच लेक टाकीचा कारागीर, तिला माहीत असणार, असं कुणालाही वाटेल. त्याच दिवशी मी डॉक्टरांच्या पाण्याच्या मोटारीचं बघायला गेलो होतो. आई बादली घेऊन कपाटाकडं चाललेली मला दिसली. मी काय म्हणालो माहितीये? "सांडू नको गं."

दुसऱ्या दिवशी नळ आला. उन्हाळ्यात आमच्याकडं नळ एक दिवसाआड, तोही पाऊण तास. अशा वेळी बाई काय करते? हंडा भरते, घागर भरते, बादल्या, पातेली, तपेली, सगळं काठोकाठ भरते. वर बोटभर रिकामं राहिलं तर जीव हळहळतो तिचा. आणि आई तर मढची, जिथं पावसाळाभर घरात ओल येते आणि होळीनंतर झऱ्यावर वाटीवाटीनं पाणी भरायला बसावं लागतं. तिनं हॉस्पिटलातलं सगळं भरलं आणि शेवटी सम्पही भरला. मायेनं भरला. लेकाची टाकी, ती कमी कशी ठेवायची? अगदी काठाला टेकेपर्यंत.

अकराला लाईट गेली.

मला दुकानात फोन आला, "ताबडतोब ये." मी सायकल हाणत गेलो. हॉलमध्ये घोटाभर नाही, पण सगळीकडं पाणी, त्यात माशांचा हिरवा वास. खालच्या कप्प्यातले केसपेपर भिजून लगदा. एक सात महिन्यांची गरोदर बाई त्या पाण्यावरून घसरली होती. देवाची कृपा, तिला काही झालं नाही, तिच्या सासूनं तिला वरच्यावर धरली होती. पण ती सासू डॉक्टरांना वाटेल ते बोलत होती आणि हॉल भरून माणसं बघत होती. कपाटाजवळ, त्या पाण्यात, हातात फडकं घेऊन आई उभी. तिचं लुगडं पोटऱ्यांपर्यंत ओलं.

डॉक्टरांना कुणावर तरी राग काढायचा होताच. मला बघून ओरडले, "ही कसली टाकी बांधलीस रे? आठ महिन्यांत फुटली?"

मी म्हणालो, फुटली नाही साहेब, सम्प काठोकाठ भरलाय कुणीतरी. वीतभर रिकामा ठेवायला सांगितलं होतं.

"कुणी भरला?"

आई म्हणाली, "म्या भरला."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "हिला सांगितलं होतंस का तू? का नुसता कागद चिकटवून गेलास? तुझी जबाबदारी आहे ही. मी अख्ख्या तालुक्यात सांगेन काय माल आहेस तू."

अख्ख्या तालुक्यात. माझ्या हातात तेव्हा आणखी दोन टाक्यांची कामं येऊ घातली होती, एक मंचरला, एक घोडेगावला. दुकानातून बाहेर पडून स्वतःचं काही करायची ती पहिली संधी. मी तोंड उघडायच्या आत आई बोलली.

"सांगितलं व्हतं डाक्टर त्यानं. लई येळा सांगितलं व्हतं. माज्याच ध्यानात न्हाई राहिलं."

ती खोटं बोलत होती. सगळ्या हॉलमध्ये ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

आणि मी? मी गप्प राहिलो असतो तरी एकवेळ चाललं असतं. पण नाही. सुटलो एकदाचा, या आनंदात माझा आवाज चढला. "इतकं सांगून पन आये! वाचता येत न्हाई तर हात कशाला लावती?"

हे मी बोललो. चारचौघांत बोललो. जिच्या हातचं पोर म्हणून बाया बाजारात थांबायच्या, तिला, त्याच बायांच्या पुढ्यात.

डॉक्टर म्हणाले, "बघा! स्वतःचा मुलगा सांगतोय. मावशी, उद्यापासून येऊ नका." आईनं फडकं पिळलं, बादलीच्या कडेवर वाळत घातलं आणि चपला घालून गेली.

घरी गेल्यावर मला तिच्यापुढं उभं राहवेना. माझा राग मग भलतीकडंच धावायला लागला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हणालो, साहेब, मोरीत पायप काढू दिली असती तर एक थेंब बाहेर आला नसता. सम्प चार फुटी ठेवला असता तर जागा राहिली असती. तुमच्या टाइल्ससाठी माझ्या आईला काढता? भोक पाडायला जीव जातो, आणि माणसाला हाकलायला काही वाटत नाही? लाज वाटत नाही? डॉक्टर शांत होते. म्हणाले, "हे तू काल का नाही बोललास?"

मी केबिनमधून बाहेर आलो. त्या माणसाचा मला आजही संताप येतो, आणि सगळ्यात जास्त संताप त्याचा येतो की तेवढं एक वाक्य तो बरोबर बोलला.

महिन्याभरानं डॉक्टरांनी निरोप पाठवला. बाया विचारत होत्या, मावशी कुठंय म्हणून. परत यावं. कंपाउंडर स्वतः आला होता, ओशाळलेला. आईनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "डाक्टरला म्हनावं, मला वाचता येत न्हाई." ती गेली नाही. पुढं आमच्या घराशेजारच्या पोल्ट्रीत अंडी भरायला जायला लागली. तिथं कुणी तिला मावशी म्हणत नव्हतं.

मंचरची टाकी मला मिळाली. घोडेगावचीही मिळाली. मग आळेफाट्याची हॉटेलं, शाळा, एक बँक. दुकान काढलं, घर बांधलं. जादा पायप काढू न देणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दारातूनच परत पाठवतो, मग तो कुणी का असेना. सम्पवर लाल रंगाची रेघ मारतो आणि टाकी चालू करायच्या आधी मालकाला नाही, तिथं झाडू मारणाऱ्या बाईला हाक मारतो. तिच्या हातानं बटण बंद करायला लावतो. मालक कंटाळतात, घड्याळ बघतात. बघू देत.

पण घरात एक गोष्ट झाली, ती मला लागलीच कळली नाही. आईनं त्या दिवसापासून कुठलंच भांडं काठोकाठ भरलं नाही. पिंपात वीतभर जागा. हंड्यात चार बोटं. पाव्हण्याला तांब्या द्यायचा तर तोही गळ्याच्या खालीच. ज्या बाईला घागर बोटभर रिकामी राहिली तर चैन पडायची नाही, ती नळ धो धो चालू असताना पिंपाच्या आत हात घालून वीत मोजते आणि नळ दुसरीकडं फिरवते. चहाचा कप अर्धा देते. माझे मेहुणे चेष्टा करतात, "काय मामी, दुधाचा तुटवडा हाय का?" ती हसते. मला मात्र असा राग येतो की कप घेऊन भिंतीवर आपटावा. कैकदा मी ओरडलोय तिच्यावर, "अगं भर की! आपल्या घरात कुठं टाकी हाय?" ती म्हणते, "असू दे."

मागल्या उन्हाळ्यात मी सकाळी तिच्याशेजारी पाणी भरायला उभा होतो. तिनं पिंपात हात घातला, अंगठा काठाला टेकवला आणि करंगळी खाली ताणून पाणी कुठवर आलं ते बघितलं. इतक्या वर्षांनी मी तोंड उघडलं.

म्हणालो, "आये, तवा मी तुला सांगितलंच नव्हतं गं."

तिनं हात बाहेर काढला, पदराला पुसला. म्हणाली, "ठावं हाय की मला. नळ जाईल आता, तो हंडा दे हिकडं."

मी हंडा दिला. तिनं तो भरला आणि वरची चार बोटं रिकामी सोडून नळ बंद केला.